कॅमेऱ्यावर ओरखडे कोणी काढले?

काही वर्षांपूर्वी एका शाळेतील मुलामुलींबरोबर आम्ही कोकणातल्या समुद्रकिनाऱ्यावर दोन दिवसांची सहल केली. शंखशिंपले, खेकड्यांची बिळे, भरती-ओहोटीच्या खुणा यांची छायाचित्रे घ्यायची होती. शाळेचा एकुलता एक कॅमेरा मुले आळीपाळीने गळ्यात अडकवत होती. कॅमेऱ्याबरोबर आलेला नायलॉनचा पट्टा मानेला काचतो अशी त्यांची तक्रार होती, म्हणून चामड्याचा एक नवा पट्टा आम्हीच आणून दिला होता. संध्याकाळी तो कॅमेऱ्याभोवती गुंडाळून पिशवीत ठेवला. परत आल्यावर पाहिले, तर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बारीक ओरखडे उठलेले आणि पट्टा अडकवतात त्या जागचा रंग उडालेला. “मुलांच्या हातात दिला की असेच होणार,” असे म्हणून कॅमेरा कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागले.

ओरखड्यांपेक्षा त्या कुलपाचे आम्हाला जास्त वाईट वाटले. मुलांनी कॅमेरा जपूनच हाताळला होता. चूक पट्टा निवडताना आमच्या हातून झाली होती. ती कोणती, हे शोधायला एक भिंग, एक जुनी सीडी आणि थोडे अंकगणित पुरले. हे सगळे आपल्याला वर्गातही करता येईल.

आधी खांद्याचे गणित

पट्टा काचतो म्हणजे काय होते? मध्यम आकाराचा कॅमेरा आणि त्याचे भिंग मिळून सुमारे १.२ किलोग्रॅम भरतात. म्हणजे खांद्यावर साधारण १२ न्यूटन इतके बल येते. पट्टा खांद्यावर सुमारे १२ सेंमी लांबीत टेकतो असे धरू. पट्टा १ सेंमी रुंद असेल तर १२ न्यूटन बल १२ चौरस सेंमीवर वाटले जाते. दर चौरस सेंमीला १ न्यूटन. हा दाब पाऱ्याच्या उंचीत सांगायचा तर सुमारे ७५ मिमी होतो.

आता आपल्या त्वचेखालच्या केशवाहिन्या पाहा. त्यांतील रक्ताचा दाब साधारण १५ ते ३५ मिमी असतो. बाहेरून त्याहून बराच जास्त दाब पडत राहिला की त्या चेपल्या जातात, त्या जागी रक्त कमी पोचते आणि काही वेळाने ठणका लागतो. तोच पट्टा ४ सेंमी रुंद घेतला तर दाब एकचतुर्थांश, म्हणजे सुमारे १९ मिमी होतो. कॅमेरा तोच, खांदा तोच; फक्त क्षेत्रफळ वाढले.

हे गणित ढोबळ आहे, कारण दाब सगळीकडे सारखा पडतो असे त्यात गृहीत धरले आहे. रुंद पण ताठ पट्टा गोल खांद्यावर सपाट बसत नाही; त्याच्या कडाच रुततात आणि रुंदी वाया जाते. म्हणून पट्टा रुंद हवा आणि तो खांद्याच्या आकाराप्रमाणे वाकणाराही हवा. टोकांना मात्र तो निमुळता लागतो, कारण कॅमेऱ्याची कडी लहान असते.

हाच हिशेब दप्तराला लावून पाहायला मुलांना सांगा. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावे, असे केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तरविषयक धोरणात म्हटले आहे. पण वजन तेवढेच ठेवूनही बंद अरुंद असतील तर खांदा दुखणारच. प्रत्येकाने आपल्या दप्तराचे बंद मोजून दाब काढला तर पाठ्यपुस्तकातले सूत्र एकदम अंगाला भिडते.

चामडेच का?

जनावराच्या कातडीत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. विणलेल्या कापडात धागे उभे-आडवे असतात. कातडीत मात्र ते सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे चामडे कापले तरी कडेचे धागे सुटत नाहीत, ते चिवट असूनही वाकते, घाम शोषते आणि वापरता वापरता अंगाच्या वळणाला येते.

कच्ची कातडी ओली राहिली तर कुजते आणि वाळली तर लाकडासारखी होते. म्हणून ती कमवावी लागते. हिरडा, बाभळीची साल यांत टॅनिन हे तुरट द्रव्य असते. ते कोलॅजेनच्या तंतूंना चिकटून बसते आणि मग जिवाणूंना ते तंतू सहजी खाता येत नाहीत. कोल्हापुरी चपलांचे चामडे याच पद्धतीने कमावतात. (या चपलांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले.) या कामाला काही आठवडे लागतात. एकोणिसाव्या शतकात क्रोमियमचे क्षार वापरण्याची दुसरी पद्धत आली, तिच्यात काही दिवसांतच काम होते.

दोन्हींच्या गुणांत फरक आहे. वनस्पतींनी कमावलेले चामडे भरीव असते, कमी ताणले जाते आणि सुरुवातीला जरा ताठ वाटते. क्रोमने कमावलेले चामडे पहिल्या दिवसापासून मऊ असते, पाण्याला जास्त दाद देत नाही, पण ते अधिक ताणले जाते. कापलेली कड पाहिली तर अंदाज येतो: पहिल्याची कड आतपर्यंत तपकिरी, दुसऱ्याची बहुधा निळसर करडी. खांद्यावरचा रुंद भाग मऊ चामड्याचा आणि भार पेलणारी टोके भरीव चामड्याची, अशी जोडणी सर्वांत चांगली.

एक काळजी घ्यायला हवी. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळाकुट्ट रंग तयार होतो. व्हिनेगरमध्ये एक लोखंडी खिळा रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी दुधाशिवायच्या कडक चहात त्या पाण्याचे काही थेंब टाका. चहाची शाई होते! घामाने भिजलेल्या पट्ट्यात साधी लोखंडी कडी असेल तर हीच शाई आपल्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटते. म्हणून कड्या पितळी किंवा गंज न धरणाऱ्या पोलादाच्या घ्याव्यात.

मऊ चामडे ओरखडा काढेल?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १८१२ साली फ्रीडरिश मोह्स या खनिजशास्त्रज्ञाने पदार्थांची कठीणता ठरवायची सोपी रीत सुचवली. जो दुसऱ्यावर ओरखडा काढतो, तो त्याच्याहून कठीण. त्याच्या श्रेणीत आपले नख सुमारे २.५ वर येते, पितळ ३ च्या आसपास, काच साधारण ५.५ वर आणि क्वार्ट्‌झ ७ वर. चामडे नखापेक्षाही मऊ असते. ते काचेवर किंवा कॅमेऱ्याच्या रंगावर ओरखडा काढणे शक्यच नाही. मग ओरखडे आले कुठून?

आम्ही पट्ट्याची आतली, खडबडीत बाजू भिंगाखाली धरली आणि उत्तर समोर दिसले. चामड्याच्या लवेत वाळूचे चकाकणारे कण रुतून बसले होते. वाळूत क्वार्ट्‌झ भरपूर असते, आणि क्वार्ट्‌झ काचेहून कठीण. जुने न्हावी वस्तरा ज्या चामडी पट्ट्यावर घासत, त्याची इथे आठवण होते. वस्तऱ्याचे पोलाद चामड्यापेक्षा कितीतरी कठीण, तरी पट्ट्याला चोपडलेली बारीक कठीण पूड त्याला धार लावते. चामडे मऊ असल्यामुळेच ते कण धरून ठेवते. आमचा पट्टा दोन दिवसांत पॉलिश कागद बनला होता, आणि आम्ही तोच कॅमेऱ्याभोवती गुंडाळला होता!

उडालेल्या रंगाचे कारण निराळे निघाले. पट्टा आणि कॅमेरा यांना जोडणारी पोलादी कडी कॅमेऱ्याच्या अंगाला उघडीच टेकत होती. मिनिटाला १०० पावले धरली तर तासाभराच्या चालण्यात ६००० पावले होतात. प्रत्येक पावलाला कॅमेरा झोका घेतो आणि कडी एकदा घासते. कॅमेऱ्याचा रंग पोलादाहून मऊ, तेव्हा तो किती तास टिकणार? चांगल्या पट्ट्यात कडीच्या मागे चामड्याची छोटी चकती असते. आमच्या पट्ट्यात ती नव्हती, आणि घेताना आमच्या ते ध्यानातही आले नव्हते.

करून पाहा

निकामी झालेली एक सीडी घ्या. तिची चकाकती बाजू पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची असते. पुष्कळ कॅमेऱ्यांची अंगेही याच जातीच्या प्लॅस्टिकची असतात. पेनाने सीडीचे पाच भाग पाडा. चामड्याचा तुकडा खोडरबराभोवती गुंडाळून, सारखाच जोर लावून, प्रत्येक भागावर १०० वेळा घासा: पहिल्या भागावर गुळगुळीत बाजू, दुसऱ्यावर स्वच्छ केलेली खडबडीत बाजू, तिसऱ्यावर वाळू लागलेली खडबडीत बाजू. चौथ्या भागावर उघडी कडी आणि पाचव्यावर खाली चामड्याची चकती धरलेली कडी घासा. मग सीडी खिडकीजवळ तिरपी धरून पाहा.

आम्हाला पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या भागांवर शोधूनही फारसे काही दिसले नाही. तिसऱ्यावर केसासारख्या असंख्य रेषा उठल्या, तर चौथ्यावर मोजक्या पण खोल. दोन्ही प्रकारचे ओरखडे आम्हाला ओळखीचे होते!

पट्टा घेताना

या सगळ्यातून काही साध्या गोष्टी हाती लागतात.

१. खांद्यावरचा भाग ३ ते ४ सेंमी रुंद आणि हाताने सहज वाकणारा असावा. कडा घासून गोल केलेल्या असाव्यात.

२. कॅमेऱ्याला लागेल अशा जागी बक्कल, रिव्हेट किंवा उघडी कडी नसावी. पट्टा कॅमेऱ्याला लावून, कॅमेरा हलवून पाहावा. धातू कुठेही टेकता कामा नये.

३. पट्टा आडवा, एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूला घालायचा असेल तर आतली बाजू गुळगुळीत हवी, म्हणजे कॅमेरा डोळ्याला लावताना तो सरकतो. एकाच खांद्यावर अडकवायचा असेल तर खडबडीत बाजू बरी, कारण घर्षणामुळे तो घसरत नाही. मात्र खडबडीत बाजू असलेला पट्टा कॅमेऱ्याभोवती कधीही गुंडाळू नये.

४. भोके गोल असावीत. नुसती चीर पाडली असेल तर सगळा ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि तिथून चामडे फाटत जाते. गोल भोकाच्या कडेवर तोच ताण पसरतो.

५. ओला पांढरा रुमाल पट्ट्यावर वीस वेळा घासावा. रुमालाला रंग लागला तर तो आपल्या सदऱ्यालाही लागेल.

६. कॅमेरा अडकवण्यापूर्वी पट्ट्याची लांबी मोजून त्याला पाच लिटर पाण्याचा कॅन रात्रभर टांगावा. हा भार कॅमेऱ्याच्या चौपटीहून जास्त आहे. सकाळी कॅन काढून पुन्हा लांबी मोजावी. थोडी वाढ चालेल. पण शिवण उसवली किंवा भोके लांबट झाली तर तो पट्टा परत करावा. जमिनीवर पडलेल्या कॅमेऱ्यापेक्षा सांडलेले पाणी परवडते.

वापरताना दोनच पथ्ये पाळायची. किनाऱ्यावरून किंवा मैदानावरून आल्यावर पट्टा आधी झटकावा, मग मऊ ब्रशने साफ करावा. आणि पावसाळ्यात पट्टा कॅमेऱ्यापासून सोडवून वेगळा ठेवावा. चामडे हवेतला ओलावा शोषते. ते कॅमेऱ्याबरोबर बंद पिशवीत राहिले तर तो ओलावा भिंगापर्यंत पोचतो आणि बुरशीला आयतेच घर मिळते.

नवा पट्टा आम्ही दुकानातून आणला नाही. गावातल्या चपला शिवणाऱ्या कारागिरांना वरची यादी वाचून दाखवली. भोके गोल का पाडायची, हे त्यांना सांगावे लागले नाही. उलट टोकाला दुहेरी चामडे घालून शिवायला त्यांनीच सुचवले. कडीमागची चकती त्यांनी चपलेच्या उरलेल्या तुकड्यातून कापून दिली.

पट्टा आणि ती पाच भागांची सीडी घेऊन आम्ही पुन्हा शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी सीडी खिडकीशी धरली, तिसरा भाग पाहिला, चौथा पाहिला, आणि काही न बोलता कपाटाची किल्ली काढली. आता त्या शाळेत कॅमेरा घेणाऱ्या मुलाने वहीत नाव लिहायचे असते आणि परत करताना पट्टा झटकून द्यायचा असतो. पडद्यावरचे जुने ओरखडे तसेच आहेत. नवीन मुलांना कठीणतेची श्रेणी शिकवताना बाई तेच दाखवतात.