कीबोर्डवरची जवळची वाट: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

पनवेलहून उरणमार्गे येणारा रस्ता करंजाच्या जेट्टीवर संपतो. समोर धरमतर खाडीचं मुख आणि पलीकडे अलिबाग तालुक्यातलं रेवस. रस्त्यानं जायचं तर पेण-वडखळचा वळसा पडतो, लाँच मात्र सरळ खाडी ओलांडते. ही जवळची वाट करंजातल्या कुणाला वर्गात बसून शिकावी लागली नाही, ती येण्याजाण्यातून अंगवळणी पडली.

संगणकासमोर बसल्यावर मात्र तोच माणूस लांबचा रस्ता धरतो. सातबारा काढायचा असो, दाखल्याचा अर्ज भरायचा असो की मासळीच्या विक्रीचा तक्ता करायचा असो, दर खेपेला हात कीबोर्डवरून उठतो, माऊस शोधतो, बाण नेमक्या चौकटीवर नेतो आणि पुन्हा कीबोर्डवर येतो. कळींचे शॉर्टकट हाताशी असूनही ते वापरले जात नाहीत, कारण त्यांच्याबद्दल काही समजुती पक्क्या झाल्या आहेत. विंडोज वापरणाऱ्यांपुरत्या त्या तपासून पाहू.

गैरसमज १: शेकडो शॉर्टकट पाठ करावे लागतात.

वस्तुस्थिती: रोजच्या कामाला दहा-बारा पुरतात आणि त्यांत एक संगती आहे. कंट्रोल कळीसोबत ‘कॉपी’चा सी, ‘सेव्ह’चा एस, ‘प्रिंट’चा पी, ‘फाइंड’चा एफ, ‘ऑल’चा ए. उरलेले झेड (केलेलं मागे घेणं), एक्स (कट) आणि व्ही (पेस्ट) यांचं कोडं लॅरी टेस्लर या संगणकतज्ज्ञाच्या कामातून सुटतं. १९७०च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ‘कट-कॉपी-पेस्ट’ ही पद्धत घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे ते अ‍ॅपलमध्ये गेले आणि १९८३ साली आलेल्या ‘लिसा’ संगणकासाठी झेड, एक्स, सी, व्ही या कळी ठरल्या. चारही कळी खालच्या ओळीत शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे डावा हात जागचा हलत नाही आणि उजवा माऊसवर राहू शकतो.

यातला कंट्रोल-झेड फक्त अक्षरांपुरता आहे असंही अनेकांना वाटतं. फाइल चुकून डिलीट झाली किंवा भलतीकडे हलवली गेली, तर फोल्डरच्या खिडकीत लगेच कंट्रोल-झेड दाबलं की ती परत येते. शिफ्ट-डिलीट मात्र जपून वापरावं, कारण त्यात फाइल रिसायकल बिनमध्ये न जाता थेट पुसली जाते.

गैरसमज २: शॉर्टकट म्हणजे कॉपी आणि पेस्ट, बाकी काही नाही.

वस्तुस्थिती: खरा वेळ वाचतो तो अर्ज भरताना. टॅब कळ पुढच्या रकान्यात नेते, शिफ्ट-टॅब मागच्या. चौकटीत बरोबरची खूण करायला स्पेसबार पुरतो. जिल्ह्यांची यादी इंग्रजीत असेल तर तिथे पोचून आर-ए-आय भराभर दाबलं की बहुतेक अर्जांत रायगड निवडलं जातं, यादी वरखाली सरकवावी लागत नाही. गुणवत्ता यादीत नाव शोधायला कंट्रोल-एफ आहे. फक्त यादी स्कॅन करून चढवलेली असेल तर संगणकाच्या लेखी ते निव्वळ चित्र असतं, मग नाव डोळ्यांनीच शोधावं लागतं.

सातबारा एका खिडकीत आणि अर्ज दुसऱ्या खिडकीत उघडा असेल तर ऑल्ट-टॅब एकदा दाबून सोडावं. नुकत्याच वापरलेल्या दोन खिडक्यांमध्ये येजा होत राहते. ब्राउझरचा टॅब चुकून मिटला तर कंट्रोल-शिफ्ट-टी तो पुन्हा उघडतं. अर्धवट भरलेली माहिती त्यात परत येईलच याची मात्र खात्री नसते.

गैरसमज ३: मराठी कीबोर्ड सुरू असला की शॉर्टकट चालत नाहीत.

वस्तुस्थिती: चालतात. विंडोजमधल्या इनस्क्रिप्ट मांडणीत के कळीतून ‘क’ उमटतो, पण कंट्रोल दाबून धरलं की तीच कळ पुन्हा के होते. म्हणून मराठी मजकूर लिहिता लिहिता कंट्रोल-सी किंवा कंट्रोल-एस बिनदिक्कत वापरता येतं. विंडोज कळ आणि स्पेसबार मिळून दाबलं की मराठी-इंग्रजी अदलाबदल होते.

इनस्क्रिप्ट ही १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं प्रमाण ठरवलेली मांडणी. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘क’च्या कळीवर शिफ्ट दाबलं की ‘ख’, ‘ग’च्या कळीवर शिफ्ट दाबलं की ‘घ’. ‘करंजा’ हा शब्द के, जे, एक्स, पी, ई अशा पाच कळींत पुरा होतो.

गैरसमज ४: नवं कॉपी केलं की आधीचं गेलं.

वस्तुस्थिती: २०१८च्या अखेरीस आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून विंडोज-व्ही ही सोय आहे. पहिल्यांदा दाबल्यावर ती चालू करावी लागते, मग कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी यादीत दिसतात. नाव, पत्ता, गट नंबर एकामागून एक कॉपी करून नंतर हवे तिथे टाकता येतात.

इथे एक सावधगिरी हवीच. सेवा केंद्रातल्या किंवा सायबर कॅफेतल्या संगणकावर ही यादी चालू असेल, तर आपण कॉपी केलेला आधार क्रमांक किंवा पासवर्ड पुढच्या ग्राहकालाही दिसू शकतो. उठण्यापूर्वी विंडोज-व्ही दाबून यादी पुसून टाकावी. आपल्या टेबलावरून दोन मिनिटांसाठी उठताना विंडोज-एल दाबलं तर संगणकाला कुलूप लागतं, उघडी कामं तशीच राहतात.

गैरसमज ५: संगणक अडकला की कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, म्हणजे तो बंद होतो.

वस्तुस्थिती: एके काळी या कळींनी संगणक खरोखर नव्यानं सुरू व्हायचा. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीवर काम करताना डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्यानं ही जुळणी केली. आधी त्यात डिलीटऐवजी एस्केप होती. एकाच हाताचा धक्का लागून चालू काम जाऊ नये, म्हणून त्यांनी मुद्दाम लांबची कळ घेतली. आताच्या विंडोजमध्ये याच कळींनी कुलूप लावणं, साइन आउट करणं असे पर्याय देणारा पडदा येतो. अडकलेला एकच प्रोग्रॅम बंद करायचा असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपनं थेट टास्क मॅनेजर उघडतो, तिथे तो निवडून संपवावा. बाकीची कामं वाचतात.

गैरसमज ६: माऊस चालवता येत असेल तर शॉर्टकटची गरज काय?

वस्तुस्थिती: चित्र काढताना किंवा नकाशावर जागा दाखवताना माऊसच सोयीचा. हात आधीच कीबोर्डवर असेल तेव्हा शॉर्टकट सरस. ज्यांना पडद्यावरचा बाण दिसतच नाही, त्यांच्यासाठी मात्र कीबोर्ड हाच मुख्य रस्ता आहे. एनव्हीडीए हा २००६ पासून विकसित होत असलेला मोफत प्रोग्रॅम पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, मराठीही वाचतो, आणि अंध व्यक्ती टॅब, बाण व एंटर यांच्या आधारे सगळं काम करते. एकाच हातानं काम करणाऱ्यांसाठी ‘स्टिकी कीज’ आहे. शिफ्ट सलग पाच वेळा दाबली की ती सुरू करण्याची विचारणा होते, मग कंट्रोल आणि सी एकत्र न दाबता एकामागून एक दाबले तरी चालतात.

म्हणूनच संकेतस्थळांच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत, सगळी कामं कीबोर्डनं करता आली पाहिजेत, ही मूलभूत अट आहे. ती पाळली गेली आहे का, हे कुणालाही तपासता येतं. कुठलाही ऑनलाइन अर्ज उघडावा, माऊस बाजूला ठेवावा आणि नुसतं टॅब दाबत ‘सबमिट’पर्यंत जाऊन पाहावं. वाटेत जो रकाना अडवेल, तो त्याच्या नावासह संबंधित खात्याला कळवावा.