बाळाच्या पोटातले सोबती



जंतू म्हटले की आपल्याला आजार आठवतो. पण प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. त्यांतले पुष्कळसे आपले सोबती आहेत. अन्न पचवण्यास ते मदत करतातच, शिवाय आपल्या रोगप्रतिकारशक्तीला वळणही लावतात.

शास्त्रज्ञांनी पूर्ण जंतुमुक्त जागेत उंदीर वाढवून पाहिले. असे उंदीर जास्त सुदृढ होतील असे कोणालाही वाटेल. घडले उलटेच. त्यांच्या आतड्यातील प्रतिकारपेशींच्या गाठी नीट वाढल्या नाहीत आणि आतड्याच्या अस्तराची राखण करणारी प्रतिपिंडे फार कमी तयार झाली. पुढे त्यांच्या पोटात जिवाणू सोडल्यावर ही उणीव बरीच भरून निघाली. शत्रू कोण आणि सोबती कोण, हे शरीर जिवाणूंच्या सहवासातच शिकते.

हे शिक्षण जन्मापासून सुरू होते. बाळाला पहिले जिवाणू मुख्यतः आईकडून मिळतात. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या पोटातील चांगल्या जिवाणूंसाठी! आई एकाच वेळी बाळाला आणि त्याच्या राखणदारांना जेवू घालते.

याचे महत्त्व ओडिशाच्या खेड्यांत दिसून आले. डॉ. पिनाकी पाणिग्रही व सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात बाळांचा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला. काही बाळांना आठवडाभर ‘लॅक्टोबॅसिलस प्लांटारम’ हे जिवाणू आणि त्यांना पोसणारी शर्करा दिली, तर इतरांना तशीच दिसणारी साधी पूड दिली. पहिल्या दोन महिन्यांत, साधी पूड घेतलेल्या दर शंभर बाळांपैकी नऊ बाळांना जंतुसंसर्गाने रक्तदोष झाला किंवा मृत्यू आला. जिवाणू मिळालेल्या बाळांत हे प्रमाण शंभरात साडेपाचाच्या आसपास आले. श्वसनमार्गाचे आजारही घटले.

म्हणून दुकानातली पावडर आणून तान्ह्या बाळाला देऊ नये. ती बाळे निरोगी व अंगावर पिणारी होती आणि पूड देखरेखीखाली दिली होती.

पाड्यावर बाळंतिणीला भेटायला जाल तेव्हा मात्र एवढे जरूर सांगा: जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. पहिले पिवळसर चिकाचे दूध टाकून देऊ नये. सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. मध, गुटी, वरचे पाणी नको. प्रतिजैविके चांगल्या जिवाणूंनाही मारतात, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावीत. पण डॉक्टरांनी दिली तर पूर्ण द्यावीत. आणि नवजात बाळ दूध ओढेनासे झाले, तापले किंवा गार पडले, तर क्षणाचाही उशीर न करता दवाखाना गाठावा.