ज्वारीच्या कोठारातून बाईकवर: सोलापूर ते मंगळवेढा

घाटातली वळणं सगळेच मारतात. यंदा जानेवारीत एकदा सपाटीवर गाडी काढा. सोलापूरहून मंगळवेढा साधारण ५५ किलोमीटर. बेगमपूरजवळ भीमा ओलांडायची, पुढे माचणूरला सिद्धेश्वराचं देऊळ आणि नदीचा घाट. शेजारच्या ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती.

मंगळवेढ्याच्या आसपास रस्त्यालगत झाड सापडणं कठीण, नजर पोचेल तिथवर फक्त ज्वारी. ही मालदांडी जात, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. गंमत म्हणजे पेरणी पावसाळा सरताना होते आणि पीक मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलीवर येतं. काळी चिकण माती पाणी धरून ठेवते. वाळली की तिला भेगा पडतात, हात आत जाईल एवढ्या. दुष्काळात धान्याची कोठारं लोकांसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा याच गावची. संत चोखोबांचा शेवटही इथलाच.

काही सूचना:
🏍️ पहाटे निघा. दुपारी सावली मिळत नाही.
🏍️ पाऊस पडला असेल तर डांबर सोडू नका. काळा चिखल मडगार्डमध्ये बसला की चाक फिरत नाही. मी एकदा काडीने तासभर उकरत बसलो होतो.
🏍️ अंधारात उसाच्या ट्रॉल्यांपासून सावध. मागे दिवा असेलच असं नाही.

हुरडा मागून खा, शेतात विचारल्याशिवाय कणसाला हात लावू नका. हेल्मेट घालाच!