चाकांवरचे घर बंद ठेवताना

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. बिछाना, ओटा, पाण्याची टाकी आणि शौचालय असलेली गाडी तेव्हापासून आपल्याकडेही ओळखीची होऊ लागली आहे. पण सहलीचे दिवस सोडले, तर ही गाडी महिनोन्‌महिने, विशेषतः पावसाळाभर, एका जागी उभीच असते. टायरमधली हवा आणि बॅटरी यांची आठवण मेकॅनिक करून देतो. बंद घरात जे आजार वाढतात, ते बंद गाडीतही वाढतात, हे मात्र लक्षात घेतले जात नाही.

पहिला पाहुणा उंदीर. पाऊण इंच नव्हे, अवघ्या पाव इंचाच्या फटीतूनही तो आत शिरतो आणि गाद्यांत, वायरींच्या आडोशाला घर करतो. त्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. ओलसर जागी ते बराच काळ तग धरतात आणि हातापायांवरच्या जखमांतून, डोळ्यांतून शरीरात जातात. म्हणून गाडी ठेवण्यापूर्वी अन्नाचा कण न्‌ कण काढावा, गाद्या-पडदे घरात आणावेत आणि पाइपांभोवतीच्या फटी तारेच्या काथ्याने बुजवाव्यात.

उंदीर पळवण्यासाठी डांबराच्या गोळ्या पसरणे ही सर्रास आढळणारी सवय. त्यातले नॅप्थलीन बंद जागेत साचते. जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्यामुळे तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. ज्या गाडीत पुढे तान्हे मूल झोपणार आहे, तिथे या गोळ्या नकोतच.

गाडीवर ताडपत्री घातली, की तिच्या खळग्यांत पाणी साचते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला एवढे पाणी पुरते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा ताडपत्री झटकून कोरडी करावी. या डासाची अंडी कोरड्यातही काही महिने टिकतात, तेव्हा नुसते पाणी ओतून न देता कडा घासून काढाव्यात.

टाकीतले पाणी पूर्ण काढून टाकावे. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हा न्यूमोनियाचा जंतू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. गाडी पुन्हा वापरात घेताना टाकी भरून दर लिटरला एक मिलिलिटर या प्रमाणात पाच टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट घालावे, प्रत्येक नळ थोडा सोडावा, काही तास थांबावे आणि क्लोरिनचा वास जाईपर्यंत टाकी, नळ धुवावेत.

गॅस सिलिंडर बंद करून, टोपण लावून बाहेर काढावा आणि मोकळ्या हवेत उभा ठेवावा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो तळाशी साचून राहतो.

बॅटरी उतरू नये म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत आढळले. जनरेटरमधून निघालेला हाच वायू आत शिरला होता. गाडीत किंवा गॅरेजमध्ये डोके दुखू लागले, मळमळले तर आधी उघड्यावर यावे.

उभ्या गाडीला कुलूप हवेच, आणि किल्ली मुलांच्या हाताला न लागेल अशी. लपाछपी खेळताना मूल आत अडकले, तर तासाभरात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा वीस-बावीस अंशांनी चढू शकते. त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते.

पावसाळ्यानंतर गाडी उघडताना दारे-खिडक्या अर्धा तास सताड उघड्या ठेवाव्यात. लेंड्या दिसल्या तर झाडू नयेत; धूळ उडते. हातमोजे, मास्क घालून एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी शिंपडावे, पाच मिनिटांनी पुसून घ्यावे. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पिंढऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना या साफसफाईबद्दल जरूर सांगावे. लेप्टोवरचे औषध लवकर सुरू झाले, तर मूत्रपिंड आणि यकृत वाचवता येतात.