वजावट वडिलांची की मुलाची?

कसबा पेठेतील तांबट आळीत एखाद्या भांड्यांच्या दुकानी दिव्यांग मुलगा वडिलांच्या शेजारी गल्ल्यावर बसू लागतो, तेव्हा घर आनंदते. त्याच वेळी घरचा करहिशेबही नव्याने पाहावा लागतो.

मुलगा मुख्यतः वडिलांवर अवलंबून असेपर्यंत आयकर कायद्यानुसार त्याच्या उपचार-प्रशिक्षणाच्या खर्चापोटी वडिलांना ठरावीक वजावट मिळते: दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असल्यास ७५,००० रुपये, ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपये. मुलगा कमावता झाल्यावर तेवढीच वजावट त्याला स्वतःला घेता येते; त्याने ती घेतली की वडिलांची थांबते. दोन्ही सवलती जुन्या करप्रणालीतच आहेत.

मग बदल केव्हा करावा? वडिलांचा कर अधिक वाचतो, म्हणून कमावत्या मुलास कागदोपत्री परावलंबी ठेवू नये. अवलंबित्व संपले की वडिलांचा हक्कही संपतो. कामाचा पगार मुलाच्याच खात्यात जमा करावा आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्राची मुदत तपासावी. बँकेतील अनुभवाने सांगतो, पुढे कर्ज मागताना स्वतःच्या नावाचे विवरणपत्रच त्याच्या कामी येईल.