जखमेत कॅप्सूल फोडून टाकताय? थांबा! औषधाविना जंतू काढणारी पट्टीही असते

कोयता निसटून नडगीवर बसला, पायात बाभळीचा काटा मोडला, की गावात पहिला इलाज घरचाच असतो. कोणी हळद दाबतं, कोणी चुना-तंबाखू लावतं, कोणी दगडीपाल्याचा रस पिळतं. तेवढ्यानं भागलं नाही आणि चार दिवसांत पू धरला, की मेडिकलमधून कॅप्सूल आणायची, फोडायची आणि पूड थेट जखमेत भरायची. हा प्रकार इतका रुळलाय की त्यात काही चूक आहे असं कुणाला वाटतच नाही.

चूक आहे. कॅप्सूल पोटात घेण्यासाठी बनवलेली असते. जखमेत टाकली की एका जागी पुडीचा ढीग होतो, दुसरीकडे ती पोचतच नाही. वर खपली धरते, खाली पू तसाच. काहींना त्या पुडीचीच ॲलर्जी येते. शिवाय अर्धवट औषध लागलेले जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. पुढे खरी गरज पडते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही. तीच ती फवारणी पुन्हा पुन्हा मारली की कीड दाद देईनाशी होते, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

जखमेतले जंतू कमी करायला दरवेळी त्यांना मारणारं औषधच लागतं असं नाही. काही पट्ट्यांमध्ये औषध अजिबात नसतं, तरी त्या जंतू काढतात. त्यातली जास्त वापरातली पट्टी म्हणजे डीएसीसीचा लेप दिलेली जाळी. सॉरबॅक्ट या नावानं ती ओळखली जाते. यामागच्या तत्त्वावर स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात संशोधन झालं.

ती काम कशी करते? आमटीवर तेलाचे थेंब तरंगतात, दोन थेंब जवळ आले की एक होतात. पाण्याला नको असलेल्या गोष्टी पाण्यात एकमेकींना धरून राहतात. डीएसीसी हा असाच स्निग्ध जातीचा, पाण्याला टाळणारा पदार्थ आहे. जखमा चिघळवणाऱ्या बऱ्याच जंतूंचं बाहेरचं अंगही तसंच असतं. त्यामुळे ओल्या जखमेत जंतू जाळीच्या धाग्याला चिकटतात आणि पट्टी बदलली की तिच्यासोबत बाहेर पडतात. जखमेत कुठलंही औषध उतरत नाही, म्हणून औषधाला निर्ढावण्याचा प्रश्नही तसा येत नाही. चांदीच्या किंवा आयोडीनच्या पट्ट्या वेगळ्या. त्या जंतू मारणारा पदार्थ जखमेत सोडतात.

इथं एक गोष्ट बऱ्याच जणांकडून चुकू शकते. या पट्टीखाली मलम, तेल, तूप काही लावायचं नाही. लावलं तर धागा त्या चिकटाईनंच भरून जातो आणि जंतू धरायला जागा राहत नाही. जाळी जखमेच्या तळाला टेकली पाहिजे. खोल जखम असेल तर कपारीतही हलक्या हातानं भरावी लागते. हे काम डॉक्टर किंवा नर्सचं. वरून पाणी शोषणारं पॅड लागतं. किती दिवसांनी बदलायची ते जखमेतून किती पाणी-पू येतो त्यावर ठरतं.

ब्रिटनमध्ये औषधोपचारांवर सल्ला देणाऱ्या 'नाइस' या सरकारी संस्थेनं २०२१ मध्ये सिझेरियन आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांवर अशी पट्टी लावण्याची शिफारस केली. पण ती जंतू होऊ नयेत म्हणून. आधीच पू झालेल्या जखमेवरचं संशोधन त्यामानानं थोडं आहे. त्यामुळे कोणी 'हमखास बरी होते' म्हणून विकत असेल तर विश्वास ठेवू नये. ही पट्टी साध्या गॉजपेक्षा महाग पडते, आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती असेलच असं नाही. नाही मिळाली म्हणून काही अडत नाही. जखम सलाइननं किंवा उकळून गार केलेल्या पाण्यानं नीट धुणं, मेलेलं मांस डॉक्टरकडून काढून घेणं आणि स्वच्छ पट्टी, एवढ्यानंच अर्ध्याहून जास्त काम होतं.

मधाच्या पट्ट्याही मिळतात. मधात पाणी कमी आणि आंबटपणा असतो, त्यात जंतूंना वाढता येत नाही. मात्र त्यासाठीचा मध निर्जंतुक केलेला असतो. पोळ्यातून काढलेला जखमेत ओतू नये.

लाली पसरत चालली, लाल रेघ वर चढली, ताप-थंडी आली, जखमेला घाण वास सुटला किंवा कड काळी पडली, तर कुठलीच पट्टी पुरी पडत नाही. तेव्हा गोळ्या किंवा इंजेक्शन डॉक्टरनंच ठरवायचं, तेही त्याच दिवशी. साखर असलेल्या माणसाच्या पायाला तर दुखतंय का याची वाटच बघू नये. त्याच्या पायाची जाणीव बऱ्याचदा गेलेली असते. आत हाडापर्यंत सडलं तरी तो शेतात हिंडत असतो, आणि मग पाय कापायची वेळ येते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं हेही डॉक्टरला सांगावं.

काढलेली पट्टी जंतूंनी भरलेली असते. उकिरड्यावर टाकली की कुत्री ओढतात, पोरांच्या हाताला लागते. दवाखान्यात बदलली तर तिथेच द्यावी. घरी बदलली तर कागदात गुंडाळून, पिशवीत घट्ट बांधून पुढच्या खेपेला दवाखान्यात न्यावी. आणि बदलणाऱ्यानं आधी आणि नंतर, दोन्ही वेळा साबणानं हात धुवावेत.