रिद्धपूरच्या पोथीला किती गुणांचा कॅमेरा हवा?

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर ही महानुभावांची काशी. गोविंदप्रभूंचे वास्तव्य इथले, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्राची जुळणी केली तीही इथेच. पंथाच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत पिढ्यानपिढ्या नकलल्या गेल्या. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र 1978 साली छापून आले, ते अशाच पोथ्या एकमेकींशी ताडून. आता त्याच गावात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहते आहे, आणि 2025च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषित झालेल्या ज्ञानभारतम् मोहिमेने देशभरच्या एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद व जतन करण्याचे ठरवले आहे. अमरावती-अकोल्याच्या मठांतल्या आणि घराघरांतल्या पोथ्या त्यामुळे कधी ना कधी कॅमेऱ्याखाली येतील. तो कॅमेरा कोणता, या प्रश्नाला सध्या एक सोपे उत्तर मिळते: मीडियम फॉरमॅट, म्हणजे नेहमीच्यापेक्षा मोठ्या सेन्सरचा, घ्या, आणि ज्याच्या सेन्सरला चाचणीत सर्वाधिक गुण आहेत तोच घ्या. या उत्तराचा पहिला भाग काही ठिकाणी खरा आहे. दुसऱ्या भागावर पोथ्यांच्या कामात फारसा भरवसा ठेवता येत नाही.

या गुणांची सर्वांत प्रसिद्ध यादी डीएक्सओमार्क या फ्रेंच प्रयोगशाळेची, 2008 पासूनची. एकूण गुण तीन मापांतून निघतात: रंगांची खोली, सर्वांत उजळ व सर्वांत गडद भाग एकदम टिपण्याचा पल्ला, आणि अंधुक उजेडातली कामगिरी. हे शेकड्यातले गुण नव्हेत, त्यामुळे ते शंभरापलीकडे जातात. पेंटॅक्स 645झेडला 101, हॅसलब्लाड एक्सवनडी-50सीला 102, तर लहान सेन्सरच्या निकॉन डी850ला 100 गुण आहेत. याच मापनपद्धतीत पंधरा गुणांचा फरक म्हणजे साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश. मग एक-दोन गुणांच्या फरकाचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तुलना करताना प्रत्येक छायाचित्र आठ मेगापिक्सेलच्या छापील आकाराला आणले जाते. गोंगाट, म्हणजे प्रतिमेतला नको असलेला दाणेदारपणा, मोजायला ही रीत योग्यच आहे. पण मीडियम फॉरमॅट ज्या बारकाव्यासाठी घ्यायचा, तो बारकावा या हिशेबात थेट मोजलाच जात नाही.

आता ही मापे पोथीला लावून पाहू. अंधुक उजेडातली कामगिरी इथे बिनकामाची, कारण पान स्टँडवर स्थिर असते, दिवे आपले असतात आणि संवेदनक्षमता सर्वांत कमी ठेवायची असते. फेज वनच्या आयक्यू180 या मीडियम फॉरमॅट यंत्राला 91 आणि 2012च्या निकॉन डी800ला 95 गुण मिळाले, तेव्हा कितीतरी पट महाग कॅमेरा मागे पडला म्हणून गाजावाजा झाला. पण आयक्यू180ची रंगखोली 26.5 बिट, म्हणजे डी800च्या 25.3पेक्षा अधिक होती. एकूण गुण खाली ओढण्यात मोठा वाटा अंधुक उजेडाच्या मापाचा. पोथीच्या छायाचित्रकाराने ज्या परीक्षेला बसायचेच नाही, तिचे गुण त्याच्या निवडीत मिसळलेले होते. उजेडाच्या पल्ल्याचेही तसेच. कोऱ्या कागदाचा उजळपणा आणि दाट शाईचा काळेपणा यांत शंभरपट अंतर धरले, तरी ते साडेसहा-सात स्टॉपांत मावते. चांगले सेन्सर आज चौदाच्या पुढे आहेत.

उरला रंग, आणि इथे घोटाळा जास्त आहे. सव्वीस बिटांची रंगखोली म्हणजे सेन्सर किती बारीक छटा गोंगाटात न हरवता वेगळ्या ओळखतो याचे माप. त्या छटा खऱ्या आहेत का, हे ते माप सांगत नाही. जुन्या पोथीत काजळीची काळी शाई, ओळ-आकड्यांसाठी हिंगुळाचा तांबडा आणि चुकलेले अक्षर झाकायला हरताळाचा पिवळा असे रंग भेटतात. दिव्याच्या प्रकाशात तांबड्याचा अंश तोकडा असेल, तर सर्वाधिक गुणांचा सेन्सरसुद्धा हिंगूळ मळकट दाखवील. म्हणून ग्रंथालयांच्या जगात अमेरिकेची फॅडगी, नेदरलँड्सची मेटामॉर्फोझ आणि आयएसओ 19264-1 ही मानके सेन्सर एकटा काढून तपासत नाहीत. रंगपट्टी आणि रेषापट्टी प्रत्यक्ष स्टँडवर ठेवून रंगाची तफावत, कडांची धार, उजेडाचा सारखेपणा आणि गोंगाट हे सारे एकत्र पाहतात. अकोल्याच्या बाजारात कापसाचा भाव स्टेपल, मायक्रोनेअर, ओलावा आणि कचरा पाहून ठरतो, एका आकड्यावर नाही. ही मानकेही तसाच व्यवहार करतात.

यावर आक्षेप येईल की विक्रेत्याच्या शब्दापेक्षा प्रयोगशाळेचा आकडा केव्हाही बरा. मान्य आहे. मोठा सेन्सर आपोआप श्रेष्ठ हा भ्रम या आकड्यांनीच मोडला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जास्तीची क्षमता असली तर बिघडते काय? बिघडते, कारण पैसा मोजकाच असतो. दहा बाय सहा इंचांचे पान इंचाला 600 बिंदूंनी टिपायला 6000 बाय 3600, म्हणजे सुमारे 22 मेगापिक्सेल लागतात. ते काम 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा करतो आणि त्याची सोळा बिटांची टिफ फाइल सुमारे 144 मेगाबाइटची होते. शंभर मेगापिक्सेलची तीच फाइल 600च्या पुढे जाते. एक लाख पानांना पहिल्यात साडेचौदा टेराबाइट लागतात, दुसऱ्यात साठहून अधिक, आणि सुरक्षित प्रती धरल्या की त्याच्या दुप्पट-तिप्पट. या जादा खर्चाच्या रकमेत सपाट प्रतिमा देणारे चांगले मॅक्रो भिंग, अतिनील किरण नसलेले दिवे, स्टँड आणि पोथी हाताळायला शिकलेली दोन माणसे मिळतात. शिवाय मोठ्या सेन्सरला स्पष्टतेची खोली कमी, त्यामुळे कडा वळलेल्या पानावर छिद्र अधिक बारीक करावे लागते.

मीडियम फॉरमॅटला जागा आहे, फक्त ती गुणांमुळे नाही. महसुली नकाशे, मोठे वंशवृक्ष, कापडावरची चित्रे यांचे आकार मोठे. 11648 बाय 8736 बिंदूंचा सेन्सर एकोणीस बाय साडेचौदा इंचांचे क्षेत्र 600च्या घनतेने एका झटक्यात घेतो, तुकडे जोडत बसावे लागत नाही. उजेडाचा पल्ला कामाला येतो तो अकोट तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्यावर: 1487चा शिलालेख असलेल्या महाकाली दरवाज्यावर दुपारी कमानीबाहेर ऊन आणि आत गडद सावली असते. तिथेही दगड हलत नसल्याने तिकाटीवरून वेगवेगळ्या उजेडाच्या तीन चौकटी जोडणे शक्य आहे, पण एकाच चौकटीत काम झाले तर ते अधिक सोयीचे.

म्हणून वऱ्हाडातल्या पोथ्यांसाठी निविदा काढताना गुणांची अट घालण्याऐवजी प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला त्याच भिंगाने, त्याच दिव्यांत घेतलेले पट्ट्यांचे छायाचित्र मागावे, आणि तफावत ठरल्या मर्यादेबाहेर गेली तर त्या दिवसाची पाने पुन्हा घ्यायला लावावीत. वाचलेल्या पैशातून अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी काढलेला एक कृष्णधवल कॅमेरा अख्ख्या विभागासाठी सामायिक ठेवावा. काजळीची शाई अवरक्त प्रकाश शोषते आणि हरताळ त्यात बराचसा पारदर्शक होतो. लेखनिकाने झाकलेले पहिले अक्षर तिथे वाचता येण्याची शक्यता आहे. पाठभेद ताडणाऱ्या संपादकाला ते अक्षर हवे असते, आणि सेन्सरच्या कोणत्याही गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नाही.